भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये मत: डिस्ट्रिक्ट कौन्सिलची निवडणूक, नावनोंदणीपासून उमेदवारीपर्यंत

इंग्लंडमध्ये आल्यावर पहिली चार वर्षं मी मत दिलं नाही. आपण व्हिसावर आलेली माणसं, इथल्या निवडणुकीशी आपला काय संबंध, असं मी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. दर वर्षी शरद ऋतूत कौन्सिलचं पत्र यायचं, या घरात कोण कोण राहतं ते कळवा म्हणून. ते मी जाहिरातींच्या कागदांबरोबर टाकून द्यायचे. पुढे शेजारच्या आजींनी सहज विचारलं, ‘तुझं मतदान झालं का?’ तेव्हा कळलं की हा हक्क मला पहिल्या दिवसापासून होता. आजही दर मे महिन्यात कोणी ना कोणी मराठी ओळखीचं मला म्हणतं, ‘आपल्याला कुठे मत असतं इथे?’ त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहीत आहे.

हक्क कोणाला आहे

भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इंग्लंडमध्ये राहत असेल आणि त्याच्याकडे इथे राहण्याची कायदेशीर परवानगी असेल, तर त्याला मतदानाचा हक्क आहे. वर्क व्हिसा, डिपेंडंट व्हिसा, स्टुडंट व्हिसा, आयएलआर (म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी), सगळं चालतं. इतकी वर्षं राहिलेलं असावं अशी अट नाही. स्थानिक निवडणुकीत आणि संसदेच्याही निवडणुकीत हे मत देता येतं. मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं. नाव मात्र १६व्या वर्षीच मतदार यादीत घालता येतं. भेटीला आलेले आई-बाबा इथले रहिवासी नसतात, त्यांचं नाव घालायचं नाही.

यावर एक भीती नेहमी बोलून दाखवली जाते: इथे मत दिलं तर भारताचं नागरिकत्व जाईल का? जात नाही. आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर भारताचं जातं. मत देणं ही त्यातली गोष्ट नाही. ज्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला आहे आणि ओसीआय कार्ड आहे, ते ब्रिटिश नागरिक म्हणून मत देतात.

‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे जिल्हा नव्हे

आपल्या माणसांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा येतो. इंग्लंडच्या रचनेत जिल्ह्याच्या जागी काउंटी आहे आणि डिस्ट्रिक्ट तिच्या पोटात आहे, आपल्या तालुक्यासारखी. काउंटी कौन्सिल ही जिल्हा परिषद, डिस्ट्रिक्ट कौन्सिल ही पंचायत समिती आणि पॅरिश कौन्सिल ही ग्रामपंचायत, असं डोक्यात ठेवलं की बरंचसं उलगडतं. अधिकार तंतोतंत जुळत नाहीत, पण पायऱ्या जुळतात. काही डिस्ट्रिक्टच्या नावात ‘बरो’ किंवा ‘सिटी’ असतं; कामं तीच. आजची ही घडी १९७२च्या कायद्याने बसली आणि १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली.

शाळा, रस्ते, वाचनालयं, वृद्धांची आणि मुलांची देखभाल हे काउंटीकडे. घरोघरचा कचरा उचलणं, बांधकामाची परवानगी, कौन्सिलची घरं, पोहण्याचे तलाव, टॅक्सीचे परवाने, हॉटेलांच्या दारावर लागणारे शून्य ते पाच आकड्यांचे स्वच्छतेचे स्टिकर, हे डिस्ट्रिक्टकडे. मागे खोली वाढवायला किंवा माळ्यावर खोली काढायला परवानगी लागत असेल तर अर्ज डिस्ट्रिक्टकडेच जातो. गणेशोत्सवाला हॉल घेऊन कार्यक्रम करताना ‘टेम्पररी इव्हेंट नोटीस’ (तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना) द्यावी लागली, तर तीही तिथेच. एका वेळी ४९९ माणसांपर्यंत ती चालते आणि फी २१ पौंड आहे.

तुमच्यावर कोणाकोणाची सत्ता आहे हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे कौन्सिल टॅक्सचं बिल. पत्र डिस्ट्रिक्टच्या नावाने येतं, कारण वसुली तीच करते. आत तक्ता असतो: काउंटीचा वाटा, डिस्ट्रिक्टचा, पोलिसांचा, कुठे पॅरिशचा. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन ओळी असतील तर तुमच्याकडे दुहेरी व्यवस्था आहे. एकच कौन्सिल असेल तर तुम्ही युनिटरीत (जिथे दोन्हींची कामं एकच कौन्सिल करते), मेट्रोपॉलिटन भागात किंवा लंडनच्या बरोमध्ये राहता. मतदानाची पुढची सगळी पद्धत तरीही तुम्हाला तशीच लागू आहे. पोस्टकोड टाकून कौन्सिल शोधायची सोय गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावरही आहे.

हा नकाशा सध्या बदलतो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने दुहेरी व्यवस्था मोडून सगळीकडे युनिटरी करायचं धोरण जाहीर केलं. त्यानुसार सरे काउंटी आणि तिच्यातल्या ११ डिस्ट्रिक्ट मिळून पूर्व सरे आणि पश्चिम सरे अशा दोन युनिटरी करायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्यामुळे तुमच्या भागात पुढची निवडणूक कोणत्या कौन्सिलची आणि कोणत्या वर्षी, हे जुन्या आठवणीवर सोडू नका. कौन्सिलच्या संकेतस्थळावर ‘इलेक्शन्स’च्या पानावर बघा.

हे सगळं खालच्या पातळीचं, किरकोळ, असं वाटत असेल तर त्याच सरेतल्या वोकिंगकडे बघा. तिथल्या बरो कौन्सिलने कर्ज काढून गावाच्या मध्यभागी उंच टॉवर आणि हॉटेल उभं केलं. जून २०२३ मध्ये त्याच कौन्सिलला ‘सेक्शन ११४’ची नोटीस काढावी लागली, म्हणजे हिशेब जुळवणं आता आम्हाला शक्य नाही अशी जाहीर कबुली. तूट १.२ अब्ज पौंडांची होती. मग सार्वजनिक सेवांवर कात्री चालली. ती कर्जं मंजूर करणारे कौन्सिलर याच निवडणुकांतून निवडून आलेले होते, आणि स्थानिक निवडणुकीत साधारण तीन मतदारांपैकी एकच जण मतदान करतो.

नाव नोंदवणं

गव्ह डॉट यूकेवर ‘रजिस्टर टू व्होट’ शोधा. पाच-सात मिनिटांचं काम आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. राष्ट्रीयत्व विचारलं की भारतीय सांगा. नॅशनल इन्शुरन्स नंबर अजून आला नसेल तरी अर्ज करता येतो, फक्त ओळखीचे दुसरे कागद मागितले जातात. घरातल्या प्रत्येकाने आपला अर्ज वेगळा भरायचा. नवऱ्याने भरला म्हणून बायकोचं नाव आपोआप जात नाही.

यादी दोन प्रकारची असते. पूर्ण यादी निवडणुकीसाठी असते आणि पत खात्री करणाऱ्या संस्थाही ती वापरतात, त्यामुळे नाव असलं की मॉर्गेज किंवा मोबाइलचा करार घेताना फायदा होतो. दुसरी खुली यादी कोणालाही विकत घेता येते. तिच्यातून नाव वगळा असं अर्जातच सांगता येतं, आणि मी तसंच सांगते. मतावर त्याचा काही परिणाम नाही.

घर बदललं की पुन्हा नोंदणी करा. मुलं विद्यापीठात राहत असतील तर घरचा आणि तिथला असे दोन्ही पत्ते नोंदवता येतात, आणि दोन पत्ते वेगवेगळ्या कौन्सिलच्या हद्दीत असतील तर स्थानिक निवडणुकीत दोन्हीकडे मत देता येतं. आणि ते शरदातलं पत्र टाकून देऊ नका. त्याने मागितलेली माहिती देणं बंधनकारक आहे, न दिल्यास दंड होऊ शकतो.

तारखा

नेहमीची स्थानिक निवडणूक मेच्या पहिल्या गुरुवारी असते. तिथून कामकाजाचे दिवस मागे मोजायचे. शनिवार-रविवार, ईस्टरच्या सुट्ट्या आणि मेची बँक हॉलिडे मोजायची नाही. नावनोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी मध्यरात्री संपते. टपाली मताचा अर्ज ११ दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत, प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचा अर्ज आणि फोटो ओळखपत्राचा अर्ज ६ दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत. थोडक्यात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं उरकलं तर काळजी नाही.

मे महिना म्हणजे भारतात जायचा महिना. तेव्हा टपाली मत डोळे झाकून घेऊ नका. मतपत्रिका इथल्या पत्त्यावर मतदानाच्या काही दिवस आधी येते आणि भरून रात्री १० च्या आत परत पोचावी लागते. भारतात मागवली तर वेळेत परत येईलच असं नाही. तुम्ही पुण्यात असणार असाल तर प्रॉक्सी बरी: इथल्या ज्या माणसावर भरवसा आहे त्याचं नाव द्या. त्या माणसाचंही इथल्या मतदार यादीत नाव हवं आणि त्याच्याकडे स्वतःचं फोटो ओळखपत्र हवं. टपाली मत घेतलंच तर सोबतच्या कागदावर जन्मतारीख आणि सही नीट करा. अर्जावरची सही आणि ही सही जुळली नाही तर मत बाद होतं. कुटुंबाची पाकिटं केंद्रावर नेऊन द्यायची असतील तर स्वतःचं सोडून आणखी जास्तीत जास्त ५ जणांची देता येतात, तिथला फॉर्म भरून. केंद्राबाहेर किंवा दारात आलेल्या कार्यकर्त्याच्या हातात पाकीट देऊ नका.

ओळखपत्र: भारतीय पासपोर्ट चालतो

मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट त्या यादीत आहे, म्हणजे आपला निळा भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी फोटोतला चेहरा ओळखू येत असेल तर चालतो. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, प्रोव्हिजनलसुद्धा. आधार, पॅन, भारतातलं लायसन्स, ऑफिसचं कार्ड, फोनमधला ई-व्हिसा यांपैकी काही चालत नाही. फोटोची प्रतही नाही, मूळ कागदच हवा. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असेल तर ‘व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट’ फुकट मिळतं, त्यासाठी वेळेत अर्ज करा.

नावाचा घोळ मात्र आपल्याकडे हमखास होतो. माझ्या मैत्रिणीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, आणि यादीत तिने नोंदवलेलं सासरचं. टेबलावरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, पट्टी ठेवून यादीतली ओळ बघितली, पुन्हा पासपोर्ट बघितला आणि नम्रपणे सांगितलं की ही दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत असं मला दिसत नाही. मैत्रीण घरी गेली, लग्नाच्या दाखल्याची इंग्रजी प्रत घेऊन साडेनऊला परत आली आणि मत देऊनच गेली. स्पेलिंगमधला एखाददुसरा फरक किंवा मधलं नाव नसणं सहसा आड येत नाही. आडनावच वेगळं असेल तर लग्नाचा दाखला किंवा नाव बदलल्याचा कागद बरोबर ठेवा. त्याहून बरं म्हणजे यादीत नाव पासपोर्टप्रमाणेच नोंदवा.

मतदानाचा दिवस

सुट्टी नसते. मतदान सकाळी ७ ते रात्री १०, त्यामुळे कामाआधी किंवा कामानंतर जमतं. १० वाजता तुम्ही रांगेत उभे असाल तर मत देता येतं. केंद्र कुठलं ते घरी आलेल्या पोल कार्डवर असतं. कार्ड हरवलं तरी बिघडत नाही, पण केंद्र ठरलेलंच. दुसऱ्या केंद्रावर मत देता येत नाही.

माझं केंद्र एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये असतं. भिंतीला मुलांच्या चढायच्या लाकडी शिड्या, कोपऱ्यात रचलेल्या छोट्या खुर्च्या, मधोमध दोन टेबलं. बोटाला शाई नाही, मशीन नाही, बाहेर पोलिसांचा ताफा नाही. प्लायवूडचे उघडे कप्पे आणि प्रत्येकात दोरीने बांधलेली पेन्सिल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पेन्सिलीने दिलेलं मत मला पटेना. आपलं पेन नेलं तरी चालतं.

दारापाशी पक्षाचं फीत-फूल लावलेली माणसं तुमचा यादीतला क्रमांक विचारतील. ती पक्षांची माणसं असतात, कोण येऊन गेलं याची नोंद ठेवतात. सांगणं तुमच्या मर्जीवर आहे.

मतपत्रिकेवर उमेदवार आडनावाच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने असतात. सगळ्यात वर लिहिलेलं असतं की जास्तीत जास्त किती जणांना मत देता येईल. ते वाचा. डिस्ट्रिक्टच्या एका प्रभागातून एक, दोन किंवा तीन कौन्सिलर असतात. काही कौन्सिलांत सगळ्या जागा चार वर्षांनी एकदम भरतात, काहींत एक तृतीयांश जागा चारपैकी तीन वर्षं भरतात. तीन जागा असतील तर तुम्हाला तीन फुल्या मारता येतात, वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांनाही. कमी मारल्या तरी मत वैध. जास्त मारल्या तर मतपत्रिका बाद. सही किंवा नाव लिहू नका. चुकलं तर पेटीत टाकायच्या आधी परत द्या, नवी मिळते.

नवरा-बायकोने एका कप्प्यात जायचं नाही, शेजारी उभं राहून ‘इथे मार’ असंही सांगायचं नाही. २०२३च्या कायद्याने तो गुन्हा आहे. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नसेल तर केंद्राध्यक्षांना सांगा, ते मदतीची पद्धत समजावतात. घरी बसून आदल्या दिवशी नावं ओळखायला शिकवणं हा सगळ्यात चांगला उपाय आहे.

उमेदवार निवडताना

पक्ष बघाच, पण या पातळीवर माणूसही बघा. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये स्थानिक रहिवासी संघटना आणि अपक्ष मोठ्या संख्येने निवडून येतात. उमेदवार दारात आला तर मी तीनच गोष्टी विचारते: गावाबाहेरच्या शेतावर घरं बांधायच्या प्रस्तावावर तुमचं मत काय, कौन्सिलवर कर्ज किती आहे, आणि मागच्या वर्षी तुम्ही किती सभांना हजर होता. हजेरी कौन्सिलच्या संकेतस्थळावर दिसते. शाळा किंवा खड्डे यांचं आश्वासन देणाऱ्याला, ते काउंटीचं काम आहे, हे सांगायला हरकत नाही.

स्वतः उभं राहायचं असेल तर

इथे नियम बदलतो, नीट वाचा. मत द्यायला कोणताही व्हिसा चालतो. उभं राहायला भारतीय नागरिकाकडे आयएलआर हवी, किंवा त्याला इथे राहायला परवानगीची गरजच नसावी. वय १८ हवं. शिवाय त्या डिस्ट्रिक्टशी नातं हवं: तिथल्या यादीत नाव, किंवा गेले १२ महिने तिथे राहणं, तिथे मुख्य नोकरी-धंदा असणं, किंवा तिथली जागा मालक अथवा भाडेकरू म्हणून ताब्यात असणं. यातलं एक पुरतं. त्याच कौन्सिलमध्ये नोकरी करणाऱ्याला उभं राहता येत नाही.

अनामत रक्कम लागत नाही. एक सूचक आणि एक अनुमोदक, दोघंही त्याच प्रभागाचे मतदार, एवढ्या दोन सह्या हव्यात. उमेदवारी अर्ज, घरच्या पत्त्याचा फॉर्म आणि साक्षीदारासमोर सही केलेलं संमतिपत्र हे मतदानाच्या १९ कामकाजी दिवस आधी दुपारी ४ च्या आत हातोहात नेऊन द्यायचं. पक्षातर्फे असाल तर पक्षाचं पत्रही. घरचा पत्ता मतपत्रिकेवर नको असेल तर तसं सांगता येतं. बायकांनी हे जरूर करावं असं माझं मत आहे. मुदतीच्या चार-पाच दिवस आधी वेळ घेऊन कच्चे अर्ज तपासून घ्या. ४ वाजून ५ मिनिटांनी आलेला अर्ज कोणी घेत नाही.

खर्चाची मर्यादा ९६० पौंड अधिक प्रत्येक मतदारामागे ८ पेन्स अशी आहे. प्रभागात ४,५०० मतदार असतील तर १,३२० पौंड. प्रत्येक पावती ठेवा. निकालानंतर ३५ दिवसांत हिशेब द्यावा लागतो, एक पैसा खर्च झाला नसला तरी. ५० पौंडांहून मोठी देणगी देणारी व्यक्ती इथल्या मतदार यादीत असावी लागते. म्हणजे नाशिकच्या मामांनी प्रेमाने पाठवलेले पैसे परत करायचे. प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा, आणि आता फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवरच्या प्रचारालाही तसाच नियम आहे.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे खाणंपिणं. मत मिळावं म्हणून खाऊ-पिऊ घालणं हा इथे गुन्हा आहे. मंडळाच्या कार्यक्रमात वडापाव वाटताना उमेदवाराने तिथे प्रचार करायचा नाही, आणि उमेदवाराच्या खर्चाने तर तो वडापाव मुळीच नको. घरी बोलावलेल्या माणसाला चहा देणं वेगळं. शंका असेल तर देऊ नका.

प्रचार म्हणजे दारोदार चालणं. हिरवळ तुडवू नका, फाटक होतं तसं लावा. पत्रक टाकताना एक लाकडी उलथनं बरोबर ठेवा: टपालाच्या फटीतल्या ब्रशात बोटं अडकतात आणि पलीकडे कुत्रा असू शकतो. उलथन्याने पत्रक आत ढकललं की बोटं शाबूत राहतात.

मोजणी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी होते. उमेदवाराला आणि त्याच्या प्रतिनिधींना टेबलासमोर उभं राहून बघता येतं. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात किंवा काड्या ओढतात. २०१७ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या साउथ ब्लाइथ प्रभागात असंच झालं आणि त्या एका काडीने हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचं कौन्सिलमधलं बहुमत हुकलं. मुंबईत वाढलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून संसदेवर गेले, तेही बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी.

निकालानंतर

कौन्सिलर निवडून आले की त्यांची नावं आणि ईमेल कौन्सिलच्या संकेतस्थळावर येतात. तुम्ही मत दिलं नसलेल्या कौन्सिलरलाही लिहिता येतं. ते साऱ्या प्रभागाचे असतात. ईमेल लहान ठेवा: पत्ता, काय झालं, कोणत्या तारखेला, आधी कौन्सिलकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक, आणि तुम्हाला नेमकं काय हवं. शेजारी होणाऱ्या बांधकामावर हरकत घ्यायची असेल तर मुदत साधारण २१ दिवसांची असते आणि हरकत नियोजनाच्या मुद्द्यावर हवी: उजेड अडतो, खिडकीतून घरात दिसतं, पार्किंगची अडचण होते. घराची किंमत कमी होईल हा मुद्दा ते विचारात घेत नाहीत. प्रकरण समितीपुढे गेलं तर बहुतेक कौन्सिलांत रहिवाशाला दोन-तीन मिनिटं बोलू देतात. त्यासाठी आधी नाव द्यावं लागतं, आणि बोलायचं कागदावर लिहून, घरी घड्याळ लावून एकदा वाचून जावं.